बाल्कनीतलं गुपित

सरकारला आता कुणाचाही कुलूपबंद मेसेज उघडून वाचता येईल, असा कायदा येणार म्हटल्यावर अच्युतरावांचं टाळकं सरकलं. त्यांनी तडक बाल्कनी गाठली. फोनवरच्या बारीक अक्षरांवर त्यांचं बोट नीट बसत नसे, म्हणून ते फोन तोंडाशी धरून खणखणीत आवाजात मेसेज सांगत आणि फोन निमूटपणे टाइप करी.

“बाळ्या, दोन मित्रांच्या मध्ये नाक खुपसणारं हे सरकार कोण? प्रश्नचिन्ह. माझ्या हृदयातल्या ब्लॉकचं तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. पूर्णविराम. बुधवारी अँजिओग्राफी. कुंदाला सांगितलंय, नाशिकला लग्नाला जातोय. पूर्णविराम. तिच्या हाताची चव हल्ली पार गेलीय, आमटी रोज अळणी. पूर्णविराम. या कायद्याविरुद्ध मी रस्त्यावर उतरणार!”

“रस्त्यावर नंतर उतरा हो,” खालच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या सबनीसवहिनी म्हणाल्या. “बुधवारी आमचे हे गाडी काढणार आहेत. कुंदाताईंनी सांगून ठेवलंय.”

फोनने तेही इमानेइतबारे टाइप केलं.

अच्युतराव गर्रकन वळले. दारात कुंदाताई उभ्या होत्या.

“तुम्ही बाळूभावजींना पहिल्यांदा सांगितलंत ना, त्याच दिवसापासून आमटीतलं मीठ कमी केलंय,” त्या म्हणाल्या. “मला कधी सांगताय, त्याची वाट बघत होते.”

अच्युतरावांचे ओठ नुसतेच हलले.

हातातला फोन म्हणाला, “काही ऐकू आलं नाही. कृपया पुन्हा बोला.”