ज्याच्या खिडकीला जनावर

लांडगा आधी शिवकांताला दिसला. दरवेळी आधी तिलाच दिसतं, आणि राजशेखरच्या पोटात दुखायला तेवढं पुरतं.

“तरवडाच्या झुडपामागं,” ती पुटपुटली. “एक न्हाय, दोन हायत.”

ऊन नुकतं वर आलेलं. तामलवाडीच्या माळावर गाडी बंद करून दोघं नवराबायको बसलेली. तो स्टिअरिंगपाशी, ती डावीकडं. काचा खाली. माणूस दिसला की जनावर पळतं, गाडीला मात्र बुजत नाही. राजशेखर शाळेत विज्ञान शिकवायचा आणि सुट्टी माळावर घालवायचा. शिकारीवर झेप घेतलेला लांडगा, असा एकच फोटो त्याला पाहिजे होता. इतकी वर्षं वाट बघून हाती लागली होती ती नुसती धूळ आणि लांडग्याची शेपटी.

शिवकांता आधी डबा घेऊन सोबत यायची. बसून बसून कंटाळते म्हणून जुना कॅमेरा त्यानंच तिच्या हातात दिला. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायचं. परवा तुळजापुरातल्या प्रदर्शनात तिचा खोकडाचा फोटो दारातच लावलेला. खोकडाच्या तोंडात उंदीर. राजशेखरची हरणं आत, खांबाच्या मागं. एका बाईंनी त्याला कौतुकानं विचारलं, “मॅडमचे मिस्टर का तुम्ही?” तो ‘व्हय’ म्हणाला खरा, पण ते ‘व्हय’ अजून घशात अडकलेलं होतं.

गाडीतला नियमही त्याचाच. ज्याच्या खिडकीला जनावर, त्याचा फोटो. दुसऱ्यानं हलायचं नाही, बोलायचं नाही. आज जनावर तिच्या खिडकीला होतं.

एक लांडगा उघड्यावर आला आणि रमतगमत चालू लागला, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखा. हरणांचा कळप त्याच्यावर नजर ठेवून मागं सरकत राहिला, नेमका तरवडाकडं. तिथं दुसरा लांडगा पोट टेकून बसलेला. कळपाच्या कडेला एक पाडस होतं. राजशेखरला सगळं दिसत होतं, पण शिवकांताच्या खांद्यावरून. स्वतःचा कॅमेरा त्यानं मघाशीच रागानं मागच्या सीटवर टाकला होता.

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. झुडूप हललं. तोच फोटो, आपल्या डोळ्यांदेखत, आणि आपल्याच जुन्या कॅमेऱ्यात. राजशेखरला ते सोसलं नाही.

त्यानं हॉर्न दाबला.

कळप उधळला. पाडस आईच्या मागं ओघळीत उतरून गेलं.

“बिचारं पाडस,” तो म्हणाला. “बघवंना मला.”

शिवकांतानं मान वळवली. “ससाणा होल्याची पिसं उपटत होता, तवा बघवत होतं की. ‘अजून जरा जवळ ये रे बाबा’ म्हणत होता तुम्ही.”

तेवढ्यात दबा धरून बसलेला तो दुसरा लांडगा बुजून गाडीसमोरून आडवा पळाला आणि राजशेखरच्या बाजूला, अगदी जवळ येऊन थांबला. तोंडावर कोवळं ऊन. सरळ गाडीकडं बघत उभा. राजशेखरचा हात अजून हॉर्नवरच होता.

“मागं सरा,” शिवकांता कुजबुजली. कॅमेरा तिनं त्याच्या नाकासमोरून खिडकीकडं रोखला होता. “सरा की जरा.”

तो ताठ बसून राहिला. तसूभर हलला नाही. क्लिक झालं आणि लांडगा वळून निघून गेला.

विचारायचं नाही असं ठरवूनही त्यानं विचारलं, “आला?”

तिनं स्क्रीनवर फोटो उघडून बघितला. मग कॅमेरा त्याच्यापुढं धरला. लांडगा म्हणजे मागं एक तपकिरी डाग. कॅमेऱ्यानं जवळचा चेहरा धरला होता, राजशेखरचा. आवळलेले ओठ आणि तिच्याकडं तिरका वळलेला डोळा. पापणीचा केस न् केस दिसत होता. आपला असा चेहरा त्यानं आरशात कधी पाहिला नव्हता.

“डिलीट कर,” तो म्हणाला.

“मी कशी करू? जनावर तुमच्या खिडकीला होतं. फोटो तुमचा.”

कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवून तिनं डबा सोडायला घेतला.