जर्मनची उजळणी

"गूट?" शलमोन सरांनी विचारलं.

"गूट, बेसर, आम बेस्टन," ग्रेस म्हणाली. चांगलं, त्याहून चांगलं, सगळ्यात चांगलं. सरांनी वहीत लाल पेनाने बरोबरची खूण केली.

उद्या पुण्याला त्यांच्या या एकुलत्या एका लेकीची जर्मनची तोंडी परीक्षा होती. पास झाली की जर्मनीतल्या दवाखान्यात नर्सची नोकरी पक्की. मग देवळालीच्या या घरात सर आणि त्यांची शेळी, एवढेच उरणार. सरांना सुरुवातीला जर्मनचा गंधही नव्हता. पण पस्तीस वर्षं मराठी शाळेत पोरांकडून पाढे घोटून घेतलेला माणूस, वही समोर आल्यावर त्याला गप्प बसवणार कसं? ग्रेसने सगळं देवनागरीत लिहून दिलं होतं. ओळीवर बोट ठेवून ते विचारत राहायचे. चार महिन्यांत तिच्यापेक्षा त्यांचंच जास्त पाठ झालं होतं.

दारावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. आवाज लांब जाईपर्यंत दोघं थांबली.

"गेर्न?" म्हणजे आवडीने.

"गेर्न, गेर्नर..."

ग्रेस रोज इथेच चुकायची. सरांचा पेन हातातच राहिला. सोडून द्यावी ही एक चूक, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. उद्या तिथेही ती हेच म्हणेल, मार्क जातील, आणि कुणी सांगावं... मनात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"गेर्नर न्हाई. लीबर. दहा वेळा म्हण."

तिने म्हटलं. आठव्या वेळी तिला हसू आलं, तेव्हा सरांनी पुन्हा एकपासून म्हणायला लावलं.

मग वाक्यं. तुम्हाला सगळ्यात जास्त काय करायला आवडतं, हा प्रश्न हमखास येतो, असं क्लासच्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं. ग्रेसने त्यासाठी प्रवासाचं एक वाक्य पाठ केलं होतं. सरांनी प्रश्न वाचला. ती दावणीच्या शेळीकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "आम लीब्स्टन ब्लाइब इख त्सू हाउझं."

हे वहीत नव्हतं. पण त्यातला शब्दन् शब्द सरांना येत होता. सगळ्यात जास्त मला घरीच राहायला आवडतं.

थोडा वेळ ते पेनाचं टोपण नुसतं लावत-काढत राहिले. मग ते वाक्य त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या अक्षरात उतरवून घेतलं, पुढे बरोबरची खूण केली आणि वही मिटली.

"वाक्य बरोबर हाय," ते म्हणाले. "उद्या तिथं मात्र प्रवासाचं सांग."