फोटोबरहुकूम

गाडीतून उतरलेल्या गायकाला लुदिविनाने चर्चच्या पायरीवरच थांबवलं. हातातलं जुन्या रेकॉर्डचं कव्हर त्याच्या गालाशी धरलं. तेच काळेभोर कुरळे केस, तीच बारीक मिशी, तोच पांढरा सूट. "हेच ते! खरे एव्हारिस्तो लामाद्रिद!" ती ओरडली, आणि कांदेलारिया मातेच्या जत्रेला जमलेल्या गावाने टोप्या उडवल्या.

ही तपासणी उगाच नव्हती. बाईचं तोंड दुधाने पोळलं होतं. जत्रेच्या समितीची ती प्रमुख, आणि गेल्या वर्षी गायक आणायचं काम तिने डोळे झाकून नाबोरला दिलं होतं. नाबोरची एजन्सी म्हणजे न्हाव्याच्या दुकानावरची एक खोली. पण तो तिच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप, म्हणून लुदिविनाचा कोंपाद्रे, आणि ती त्याची कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं. कोंपाद्रेकडे कोणी करार मागतं होय?

नाबोरने आणला एक टकला म्हातारा. दोन ओळी गायचा आणि चार वेळा खोकायचा. आम्ही संत्र्याच्या साली फेकल्या. खोटं कशाला बोलू, मीही फेकली. "कोमाद्रे, शपथ घेतो, हेच लामाद्रिद!" नाबोर हात जोडून सांगत होता. लुदिविनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या गावादेखत ती म्हणाली, "चोराला तरी लाज असते. आजपासून तुम्ही माझे कोणी नाही!"

देवासमोर जोडलेलं नातं असं तोडत नाहीत. तिने तोडलं. मुलीचं लग्न धर्मबापाशिवाय लागलं. त्या दिवशी पाहुणे जेवत होते आणि लुदिविना चुलीपाशी बसून रडत होती. "परक्याने फसवलं असतं तर सोसलं असतं गं. माझ्याच माणसाने फसवलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

म्हणून यंदा ती स्वतः राजधानीत गेली. पहिल्या एजन्सीतली बाई सरळ म्हणाली, "लामाद्रिद हल्ली गात नाहीत. दुसरं कोणी बघा." लुदिविनाने नाक मुरडलं. ज्यांची पोच नसते ते असंच बोलतात! दुसरीकडे काचेचं ऑफिस होतं, भिंतभर फोटो होते, करारावर तीन शिक्के होते. "आमच्याकडून फोटोबरहुकूम माणूस मिळतो, सेन्योरा," तिथला साहेब म्हणाला. तिने तिथल्या तिथे सही ठोकली.

आणि गायला हो तो! रेकॉर्डवर जसा, अगदी तसा. एक श्वास इकडचा तिकडे नाही. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष गळ्यात गळे घालून डुलत होते. लुदिविना पहिल्या रांगेत उभी राहून म्हणाली, "याला म्हणतात शब्द पाळणं! शिका म्हणावं कोणाकोणाला." कोणाला ते सगळ्यांना कळलं.

चार वाजता तिच्या नातीचा बाप्तिस्मा होता. गायक मंडपात तामालेस खात बसला होता. तिने बाळ उचलून थेट त्याच्या हातात दिलं. "धर्मबाप तुम्हीच व्हायचं. नाही म्हणायचं नाही. मला आता खरा कोंपाद्रे हवाय."

गायक हसला. चर्चमधून पाद्रीबाबांनी हाक मारली, "धर्मबापाचं नाव सांगा, वहीत लिहायचंय!"

तो उठला. दारापर्यंत गेला आणि तिथूनच मागे फिरला. बाळ तिला परत देत हळूच म्हणाला, "मला नाही जमायचं, सेन्योरा. स्टेजवर काय वाटेल ते सांगेन, पण त्या बाप्तिस्म्याच्या पाण्यापुढे खोटं नाव नाही सांगवत. मी रेमिहियो कोता. बस चालवायचो. गाणं टेपवर वाजतं, मी नुसते ओठ हलवतो. केससुद्धा माझे नाहीत."

लुदिविना मटकन खाली बसली. पुन्हा तेच! तीन शिक्के मारून तेच! बाळ रडायला लागलं तरी तिला भान नव्हतं.

"मेल्या," शेवटी ती म्हणाली, "मग खरा कुठंय?"

"घरी बसून असतात. नाबोर म्हणून त्यांचा एक जुना दोस्त आहे. गेल्या वर्षी त्याच्या शब्दाखातर आजारातून उठून कुठल्याशा जत्रेला गेले, तर लोकांनी तोतया म्हणून हाकललं. तेव्हापासून ते गातच नाहीत. म्हणून तर मला कामं मिळतात, सेन्योरा."