डोळे मिटून काढलेली खोली

कृष्णनगरच्या चित्रशाळेत बिजयादींचा तास एकाच खेळानं सुरू होई. हात मोकळा व्हावा म्हणून डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांत आपली खोली काढायची. मुलांबरोबर त्याही काढत. त्यांची खोली लहान, आणि राहणारं माणूस एकच.

सोमवारी त्यांच्या कागदावर, दाराशी, पुरुषी चपलांचा जोड उमटला. डावीचा तुटका अंगठा सुतळीनं बांधलेला.

"दीदी, घरी पाहुणे आले आणि आम्हाला पत्ताच नाही!" पौलोमी हसली.

"गप गं. वळला हात कसातरी."

मंगळवारी जोड खाटेशी होता. बुधवारी खाटेखाली. घरी जाऊन त्यांनी वाकून पाहिलं. नुसती धूळ होती.

आज कागदावर चपला नव्हत्याच. हायसं वाटायला हवं होतं, पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बिजयादींना आपली खोली ओकीबोकी दिसली.

तेवढ्यात उशिरा आलेला तुहिन दाराबाहेर चपला काढता काढता थबकला.

"दीदी, नवीन कोण आलंय? ही सुतळी बांधलेली चप्पल कुणाची?"

वर्गात कुणीच 'माझी' म्हणालं नाही.

बिजयादींनी मागं वळून पाहिलं नाही. फक्त जराशा सरकल्या आणि बाकावर जागा करून दिली.