बाकी: तीन सूक्ष्मदर्शक

शाळेच्या कार्यालयात चष्म्याचं दुकान चालवणारे चष्मेवाले खिडकीपाशी उभे होते. दाखला तेवढा हातात पडायचा राहिला होता. शेजारी त्यांची मुलगी बुटाच्या टोकाने फरशी घासत होती. तिची शाळेची अजून दोन वर्षं उरली होती.

"शहरातल्या मोठ्या शाळेत जागा मिळालीय," ते कारकुनाला तिसऱ्यांदा सांगत होते. "सल्लागार म्हणाला, अमेरिकेतल्या कॉलेजात जायचं तर शेवटची दोन वर्षं तिथेच काढायला हवीत. तुमच्या शाळेचं नाव म्हणे तिकडे कुणी ऐकलेलं नाही. राग मानू नका."

"राग कसला? इकडे तरी कुणी ऐकलंय!" कारकून म्हणाला.

दाखल्याआधी एक कागद शाळाभर फिरवावा लागतो. ग्रंथालय, खेळ, प्रयोगशाळा, सगळीकडून 'आमचं काही बाकी नाही' अशी सही घ्यायची. मुलीने तो सकाळीच फिरवून आणला होता. कारकुनाने तो उलगडला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"प्रयोगशाळेच्या बाईंनी सही नाही केलेली. लिहिलंय, बाकी: तीन सूक्ष्मदर्शक."

चष्मेवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "तीन फोडलेस? आणि घरी तोंडातून शब्द नाही?" ते कारकुनाकडे वळले. "भरून देतो मी. आमच्यामुळे शाळेचं नुकसान नको."

"फोडले नाहीत हो. दुरुस्त करायचे राहिलेत."

चष्मेवाल्यांना काही उमगेना. कारकुनाने खुर्ची पुढे सरकवली.

"कपाटात बारा पडले होते. भिंगांवर बुरशी, स्क्रू ढिले. भंगारात काढायची यादीसुद्धा मी केली होती. ही म्हणाली, मी बघते. नऊ चालू केलेत हिने. आता लहान वर्गातल्या पोरांना डबक्यातले किडे दिसतात, आणि ते कसे दिसतात हे मला रोज मधल्या सुट्टीत ऐकावं लागतं."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"तुमचंच बघून, बाबा."

तिने कंपासपेटी उघडली आणि एक बारीक स्क्रूड्रायव्हर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मुठीला दोरा गुंडाळलेला होता. तो दोरा चष्मेवाल्यांनी स्वतः गुंडाळला होता, आणि वर्षभरापूर्वी याच्यापायी सगळं दुकान पालथं घातलं होतं.

"आज परतच द्यायचा होता," ती म्हणाली.

कारकुनाने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "गेल्या वर्षी एकीचा अमेरिकेचा फॉर्म इथूनच गेला. त्यात बाईंना प्रश्न होता, या मुलीला किती वर्षं ओळखता? हिच्या नव्या बाई काय लिहितील? वर्षभर, फार तर."

चष्मेवाल्यांनी मुठीवरचा दोरा अंगठ्याने चाचपला. माणूस हट्टी नव्हता, घाबरलेला होता. आयुष्य काउंटरमागे गेलं. कुठल्या दारावर थाप मारायची हे त्यांना त्यांच्या वेळी कुणी सांगितलं नाही, आणि आता सांगणारा भेटला तर त्याचं ऐकायचं नाही? आपल्या अडाणीपणापायी पोरीचं दार बंद झालं, असं व्हायला नको, एवढंच त्यांना वाटत होतं. तिला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

"हे तीन व्हायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

मुलीने पहिल्यांदाच मान वर केली.

"दोन वर्षं."

कारकून घाईघाईने टेबलावरचे कागद चाळू लागला. असल्या तीन यंत्रांना तीन दुपारी पुरतात, हे त्या खोलीत चष्मेवाल्यांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, शर्टाला पुसला आणि तिच्या कंपासपेटीत परत ठेवला.

"लागतील," ते म्हणाले. "घाई केली की स्क्रूचे आटे जातात."