थोराची पाटी

“इतिहास नव्याने लिहावा लागणार!” असं गरजून निवृत्त साहेबांनी आपल्या जुन्या कचेरीच्या बागेत, धातू शोधायच्या यंत्राने हुडकलेली पितळी पाटी उंचावली आणि स्वतःच खणलेल्या खड्ड्यात बसकण मारली.

पाटी हिरवी पडलेली. कडेची कोरीव वेलबुट्टी शाबूत, पण नाव छिन्नीने पार उडवलेलं.

“बघितलंस, माळ्या? एवढा द्वेष थोरांच्याच वाट्याला येतो. तुम्हा अडाण्यांना काय कळणार म्हणा! उद्याच संग्रहालयात देतो.”

म्हाताऱ्या माळ्याने पाटीच्या चार भोकांवरून बोट फिरवलं. “तुमच्याच केबिनची आहे, साहेब. तुम्ही रिटायर झालात त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी एकेक स्क्रू काढला होता.”

साहेब खड्ड्यातच पाटी उलटसुलट करून पाहू लागले.



“आता जिथली तिथे पुरा तेवढी. तिच्यावर गुलाब झकास येतो.”