बरणीतली भांग

रुख्मिणीनं महाल वस्तीतल्या घराच्या परसात भांग लावली होती, ती नवऱ्यासाठी. पोटाच्या दुखण्यानं मारोतरावांची अन्नावरची वासनाच उडाली होती, पूर्वीसारखं चिडणं-बोलणंही थांबलं होतं आणि वैद्यांनी तुपात परतलेली भांग सुचवली होती. पहिल्या खेपेला तिनं घाईघाईत पाला ओलसरच बरणीत भरला, तो बुरसला. या खेपेला तिनं तो माळ्यावर सावलीत वाळवला, काडी कटकन मोडेपर्यंत थांबली, मग रोज बरणी उघडून वारा दिला. आज झाकण काढलं तर कुबटपणा नावाला नव्हता. हिरवा, गोडसर वास घरभर पसरला आणि तिनं लगेच चिमूटभर पाला तुपात परतून त्याची गोळी वळली.

ती गोळी घेऊन मारोतराव पडून राहिले. दिवेलागणीला त्यांची हाक आली, "काहून वं, आज सैपाक नाही का? मले भूक लागली."

तिनं धावत जाऊन स्टोव्ह पेटवला, वरणभात वाढला. दोन घास खाऊन ते करवादले, "मीठ टाकाले विसरली का वं?"

रुख्मिणी तशीच अंगणात पळाली आणि शेजारच्या कुसुमताईंना ओरडून सांगू लागली, "ताई, आयकलं का? माह्यावर चिडून राहिले ते!"